किरकोळ खरेदीला कार्ड द्या, पण खरेदी आणि मंजुरी एकाच हातात नको

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आलाय. आता नागपुरातल्या ऑफिसाऑफिसात कूलरचा पंप, खस, वायर अशी किरकोळ खरेदी सुरू होईल आणि पैसे बहुतेक बाबू नाहीतर शिपाईच खिशातून भरेल. मी लेखा शाखेत नोकरी केली, शिपायाचे पैसे दोन-दोन महिने अडकलेले पाहिले, तसलमात (आगाऊ रक्कम) मागितली तर तिचा हिशोब वेगळा, हे बरोबर नाही. म्हणून छोट्या खरेदीसाठी कर्मचाऱ्याला ऑफिसचं कार्ड द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. कागदी पावतीवर तारीख मागाहूनही टाकता येते, कार्डात मात्र दुकान, वेळ, रक्कम सगळं बँकेकडे राहते. एका वेळची आणि महिन्याची मर्यादा घालता येते, एटीएममधून रोख काढणं बंद करता येते, सोनाराचं दुकान, बार असे प्रकारच्या प्रकार बँकेतूनच बंद होतात.

पण नुसतं कार्ड वाटून भागत नाही. खरेदी करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा आणि महिन्याच्या शेवटी बँकेचं स्टेटमेंट पावत्यांशी अन् साठा रजिस्टरशी जुळवणारा तिसरा, असे तीन वेगळे लोक पाहिजेतच. छोट्या ऑफिसात माणसं नाहीत म्हणतात, तर जुळवणी वरच्या ऑफिसने करावी.

खरी चोरी बिलं तोडण्यात होते. समजा मर्यादा 20 हजारांची आणि खुर्च्या 60 हजारांच्या, तर एकाच दुकानातून तीन बिलं, कधी कधी एकाच दिवशी! केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत छोटी खरेदी कोटेशनशिवाय करायची मुभा आहे, पण प्रक्रिया टाळायला मागणीचे तुकडे करू नका असंही त्यात लिहिलंय. कार्डावरच्या खर्चाची यादी दुकानाप्रमाणे लावली की हे तुकडे लगेच दिसतात, फक्त दर महिन्याला कोणीतरी ती लावली पाहिजे.

दुसरी गोष्ट बदल्यांची. अमेरिकेत सरकारी कार्डांचा गैरवापर रोखायला 2012 मध्ये कायदाच केला, त्यात नोकरी सोडणाऱ्याचं कार्ड ताबडतोब बंद करा असं आहे, आणि दुसऱ्या विभागात गेलेल्याचंही, दोन्ही विभाग एकाच कार्ड-अधिकाराखाली नसतील तर. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे बदल्यांचा हंगाम, जुन्या साहेबांचं कार्ड ड्रॉवरमध्ये अन् पिन सगळ्या शाखेला माहीत, असं व्हायला वेळ लागणार नाही. कार्ड एकाच माणसाच्या नावावर असावं आणि ते जमा केल्याशिवाय त्याला कार्यमुक्तच करू नये.

महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेने आधी मोजक्या ऑफिसांत हे करून पाहावं. दर महिन्याचा कार्डखर्च, दुकान, वस्तू, रक्कम असा वेबसाइटवर टाकावा, आणि लेखापरीक्षणाला बसणाऱ्यांना यादी ऑफिसकडून नाही, थेट बँकेकडून मिळावी.

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी, नागपूर