टाकण्याआधी सोपवता येते, हे सांगा

महोदय,

नाल्याकाठी किंवा देवळाच्या पायरीवर अर्भक सापडले की बातमीची शेवटची ओळ ठरलेलीच: ‘निर्दयी मातेचा शोध सुरू’. माझी सगळी नोकरी पुण्यात प्रसूतिकक्षात झाली. एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. दुधाने भिजलेली ओढणी मुठीत आवळून तिने मला विचारले, “सिस्टर, बाळाला इथंच ठेवून गेले तर पोलीस धरतील का?”

बारा वर्षांखालील मूल कायमचे टाकून देण्याच्या हेतूने उघड्यावर सोडणे हा गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ३५ किती जणांना माहीत आहे? परिस्थितीपुढे हतबल झालेले पालक, मुलांच्या संरक्षणासाठी सरकारने नेमलेल्या बाल कल्याण समितीसमोर मूल रीतसर सोपवू शकतात. अविवाहित माता एकटीही जाऊ शकते. समिती समुपदेशन करते, फेरविचाराला दोन महिने देते. समितीच्या चौकशीदरम्यान जन्मदात्यांवर एफआयआर नोंदवू नये, असे कलम ३८ सांगते. (बाप कुठे आहे, हे मात्र बातमीत कधीच नसते!)

त्या मुलीला आम्ही समितीपर्यंत नेले. ज्यांना नेणारे कोणी नसते त्यांचे काय? महापालिकेने प्रत्येक प्रसूतिगृहात आणि स्वारगेट, शिवाजीनगरसारख्या ठिकाणी ही माहिती देणारे ठळक मराठी फलक लावावेत. आणि संपादक महाशय, अशी बातमी छापताना ‘निर्दयी’ हा शब्द गाळून तिथे १०९८ हा बालमदत क्रमांक छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे