गळती छताला, निधी रंगाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गळक्या सार्वजनिक इमारतीसाठी स्थानिक संस्था निधी मंजूर करते, काम होते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतीवर तोच डाग उमटतो. खापर ठेकेदारावर फुटते. खरी चूक बहुतेकदा त्याआधी, अंदाजपत्रकातच झालेली असते. गिलावा, रंग, फॉल्स सीलिंग अशा डोळ्यांना दिसणाऱ्या बाबी त्यात असतात. पाणी नेमके कुठून शिरते हे शोधायला छदामही ठेवलेला नसतो.

डाग दिसतो तिथेच गळती असते असे नाही. गच्चीच्या भेगेत शिरलेले पाणी कोब्याखालून (स्लॅबवर घातलेल्या विटांचे तुकडे आणि मसाल्याच्या थराखालून) सरकते, कधी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून वाहते आणि काही मीटर लांब टपकते. म्हणून गच्चीचे पाणी जाण्याचे तोंड बंद करून 25 ते 50 मिमी पाणी 48 ते 72 तास साठवावे आणि खालून पाहावे. (50 मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 50 किलो वजन. स्लॅब आधीच खचलेला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.) या चाचणीत काही निघाले नाही, पण पावसात मात्र ओल येते, तर कठडा, बाहेरची भिंत आणि खिडक्यांच्या चौकटी तपासाव्यात. बारमाही ओल असेल तर संशय नळाच्या किंवा सांडपाण्याच्या लाइनवर. जमिनीलगत सलग पट्टा आणि त्यावर लोणा (क्षारांचा पांढरा थर) असेल, तर ओल इमारतीच्या पायातून चढते आहे. तिथे छताच्या वॉटरप्रूफिंगवर केलेला खर्च पाण्यातच गेला.

सळ्या उघड्या पडल्या असतील तर प्रकरण गंभीर. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा लागते, त्या दाबाने काँक्रीट फुटते. सैल भाग काढून सळीच्या मागेही सुमारे 20 मिमी मोकळे करावे लागते, गंज घासून प्राइमर लावावा लागतो, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला) थराथराने भरावे लागते. सळी फारच झिजली असेल तर तिच्या जोडीला नवी सळी. वरून नुसता गिलावा थापला की आत गंज चालूच राहतो आणि तो गिलावा ढलप्यांसकट खाली येतो.

अडचण अशी, की खराब काँक्रीट किती हे फोडल्याशिवाय कळत नाही. अंदाजपत्रकात ठोक रक्कम असली की वाढीव कामाची मंजुरी फायलीत अडकते आणि फोडलेली इमारत तशीच उघडी राहते. त्यापेक्षा अशा बाबींचे एकक दर (दर चौरस मीटरला किंवा नगाला किती, ते) निविदेतच ठरवून घ्यावेत, अंदाजे परिमाण लिहावे आणि आकस्मिक खर्चाची तरतूद स्पष्ट दाखवावी. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंदवावे, फोटोही काढावेत. नोंद नसेल तर नंतर वाद झाल्यास हाती पुरावाच उरत नाही.

दुसरी अडचण कॅलेंडरची. ओली भिंत वाळायला जाडीच्या दर 25 मिमीला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशोब आहे. पण आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्ची पडायला हवा म्हणून ओल्या भिंतीवरच पुट्टी आणि रंग चढतो. आतली वाफ कोंडते, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आणखीच अडकते. यासाठी मंजुरीच दोन टप्प्यांत हवी: या वर्षी तपासणी, गळती बंद करणे आणि काँक्रीट दुरुस्ती, एक पावसाळा पाहून पुढच्या वर्षी गिलावा आणि रंग. ठेकेदाराच्या बिलातली राखून ठेवलेली रक्कमही तो पावसाळा कोरडा गेल्यावरच सोडावी.

आणि गच्चीची तोंडे, पन्हळी, पावसाळी पाइप पावसाआधी साफ करणे ही सर्वांत स्वस्त बाब. ती दुरुस्तीच्या एकरकमी निधीत बसत नाही, म्हणून तिच्यासाठी देखभालीच्या शीर्षाखाली दरवर्षी वेगळी तरतूद करावी आणि सफाई झाल्याची तारीखवार नोंद इमारतीतच ठेवावी.

– इमारत दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक