ते जाड जर्किन परत कर, आधी हे वाच

चि. छकुलीस, आईचे अनेक आशीर्वाद.

काल व्हिडीओ कॉलवर तू ते नवीन जर्किन घालून दाखवलंस तेव्हा मी काही बोलले नाही, मागं तुझ्या रूमवरच्या मुली बसलेल्या होत्या म्हणून. पण फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच चाललंय. खांदे दोन्हीकडून इंचभर खाली उतरलेले, हात अंगाला टेकत नव्हते, आणि वर तूच सांगितलंस की ऑफिसात गेल्यावर ते काढून खुर्चीवर टाकावं लागतं, आत नुसता पातळ कुर्ता असतो मग दिवसभर कुडकुडत बसते, मीटिंगला जाताना परत घालावं तर गादी गुंडाळल्यासारखं दिसतं म्हणून तशीच गारठलेली आत जाते. अगं पहिली नोकरी, पहिला हिवाळा, आणि माझी पोर तिकडं दिल्लीत चार लोकांसमोर उभी राहून बोलताना दात वाजू नयेत म्हणून ओठ दाबून धरते, हे ऐकून मला रात्री झोप आली नाही. बिल असेल तर ते जर्किन परत कर. नसेल तर राहू दे, रात्री पांघरायला होईल.

आता मी काय सांगते ते नीट वाच. मी बावीस वर्षं या मशीनवर बसलेय, कापड अंगावर कुठं बसतं आणि कुठं फुगतं एवढं तरी मला कळतं.

आज्जीची वाकळ आठवते ना तुला? तीच, हिरव्या काठाची. ती हातात घेतली तर काय जाड आहे का? जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून धावदोरा घातलाय, बास. पण डिसेंबरात अजिंक्यताऱ्यावरून वारं सुटलं की तू ब्लँकेट बाजूला टाकून तिच्यातच शिरायचीस. कापड स्वतः काही ऊब तयार करत नाही, ऊब आपल्या अंगाची असते, कापडानं फक्त ती अडवून धरायची असते, आणि ती अडते दोन थरांच्या मधे जी थोडीशी हवा कोंडून राहते तिच्यात. त्यामुळं तीन पातळ थर एका जाड थराला भारी पडतात, वर एक एक काढता घालता येतो. तुला सकाळी रिक्षातलं वारं, मग मेट्रोतली गर्दी, मग ऑफिसातला हीटर, एका दिवसात तीन हवामानं बघावी लागतात, तिथं एकच जाड कपडा काय कामाचा?

पण थर म्हणजे कोंबाकोंबी नव्हे. ही चूक मी स्वतः केलीय आणि तुझ्यावरच केलीय. तू दुसरीत होतीस, महाबळेश्वरला शाळेची ट्रीप होती, तिथं थंडीत कधीकधी वेण्णा लेकच्या बाजूला दव गोठतं हे ऐकून मी एवढी घाबरले की तुला एकाच मापाचे तीन स्वेटर एकावर एक चढवले. कोपरातून हात वाकेना तुझा. आणि संध्याकाळी आलीस ती रडतच, आई गार लागत होतं गं. तेव्हा मला वाटलं पोरगी कुरकुरी आहे. नंतर काम करता करता कळलं की घट्टावर घट्ट घातलं की मधली हवा दाबून निघून जाते, आणि रक्त पण नीट फिरत नाही. अजून ते आठवलं की पोटात तुटतं माझ्या. पायमोज्यांचं पण तेच, बुटात दोन जोड कोंबशील तर पाय जास्त गार पडतील, एकच लोकरीचा घाल आणि बोटं आत हलली पाहिजेत.

तर माप असं. अंगाला लागून जो इनर, तो अगदी अंगाबरोबर, लूजिंग म्हणजे सैलपणा शून्य. त्याच्यावरचा शर्ट किंवा कुर्ता छातीत दोन अडीच इंच सैल. त्याच्यावर स्वेटर, तो विणीचा असतो ताणतो म्हणून त्याला फार लूजिंग लागत नाही. आणि कोट सगळ्यात वर, तो चार पाच इंच सैल पाहिजे. कोट घ्यायला जाशील तेव्हा स्वेटर घालून जा, कुर्त्यावर ट्राय करू नकोस, आणि घातल्यावर दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मार. पाठीत ताण आला तर एक साईज मोठा घे, पण खांद्याची शिवण तुझ्या खांद्याच्या हाडाच्या फार खाली गेली तर तो कोट नको, कितीही सेल असू दे. लांबी आल्टर होते, बाही आल्टर होते, खांदा उतरवायचा म्हणजे अख्खा कोट उसवावा लागतो.

इनर कॉटनचा घेऊ नकोस. मला माहितीय तुला कॉटनच आवडतं आणि आपल्या साताऱ्याला तेच बरं, पण कॉटन घाम पितं आणि धरून बसतं, मग तू मेट्रोचे जिने चढून वर आलीस की तोच ओला कपडा पाठीला चिकटून सगळी ऊब ओढून घेतो. लोकरीचं तसं नसतं, ती स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊन पण हाताला ओली लागत नाही. तू म्हणशील लोकर टोचते. टोचते ती आपल्या दख्खनी मेंढीची, माणदेशातल्या घोंगड्याची, तिचा धागा जाड आणि राठ, ती पावसा-वाऱ्यात वरून घ्यायची चीज आहे आणि त्या कामाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. अंगाला लावायची ती मेरिनो, तिचा धागा १७ ते २४ मायक्रॉनचा असतो, आपला केस साधारण ७० धर, म्हणजे कळेल किती बारीक. महाग आहे, पण दोनच घे, रोज धुवायला लागत नाहीत, रात्री हँगरला वाऱ्यावर टाकली की वास जातो. ते परवडत नसेल तर चांगल्या लुधियाना होजिअरीतलं पॉलिस्टर मिक्स पण चालेल, तिथं निम्मी दिल्ली तेच घालत असेल. रंग अंगाच्या रंगाचा, आणि गळा मोठा खोल, म्हणजे कुठल्याच कुर्त्यातून डोकावणार नाही. पांढरा घेऊ नकोस, गळ्यातून पांढरी पट्टी दिसली की अख्खा ड्रेस उतरतो.

मधल्या थराचं मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण जाडेपणा तिथंच येतो, आणि येतो तो पोटात नाही, मुंढ्यात. काखेत तीन बाह्या एकत्र आल्या की तिथं कापडाचा गोळा होतो, हात बाहेर फेकले जातात आणि माणूस पैलवानासारखा दिसायला लागतो. म्हणून मधे बिनबाह्यांची बंडी घाल. छाती, पाठ आणि पोट गरम राहिलं की हात आपोआप गरम राहतात, कारण अंग आतून गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायाचं रक्त कमी करून काळजाकडं ओढतं. हे मला तुझ्या मामानं सांगितलं, आणि अपशिंग्याच्या फौजी माणसानं थंडीबद्दल सांगितलेलं मी डोळे झाकून मानते, त्यानं लडाखात दोन हिवाळे काढलेत. तो अजून एक सांगतो, घाम यायच्या आधी एक कपडा उतरवायचा, घाम आल्यावर नाही. तू घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटं चाललीस की बरोब्बर होतं.

मी तुझ्यासाठी अशी बंडी शिवायला घेतलीय, दोन दिवस झाले. बाहेरून वांगी रंगाचं सिल्क आहे, आज्जीच्या त्या जुन्या साडीचा जो पदर फाटला नव्हता तो, आत पातळ फायबरचा थर आणि अस्तर गुळगुळीत सॅटीनचं. अस्तर गुळगुळीत का, तर कॉटनवर लोकर किंवा लोकरीवर लोकर घासली की चिकटते आणि वर गोळा होत जाते, मग दिवसभर खाली ओढत बसायचं. तू कोट घेशील तो पण आतून हात घालून बघ, पूर्ण अस्तर असेल तरच घे, आणि बाहीला तर पाहिजेच. उभ्या टिपा मारल्यात मी बंडीला, आडव्या नाही, आडव्या टिपांनी माणूस रुंद दिसतो. तुझ्या त्या जर्किनला सगळ्या आडव्याच होत्या, प्रत्येक पट्टा फुगलेला.

वरचा कोट वारं अडवणारा पाहिजे, त्याचं काम तेवढंच. पप्पा एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला असताना पहाटे गाडीवर जाताना जर्किनच्या आत छातीला पेपर लावायचे, आठवतं? चार पानं पेपर, वजन काही नाही, पण वारं आत येत नव्हतं. फ्लीसचं उलटं आहे, घरात इतकं उबदार आणि हलकं, पण रिक्षात बसलीस की वारं आरपार जातं, म्हणून फ्लीस कायम आतला थर. आणि फ्लीस घालून हीटरला चिकटून बसू नकोस, ते पॉलिस्टर आहे, वितळतं. विषय निघालाच आहे तर, रूममधे कोळशाची शेगडी कुणी आणली तर दारं खिडक्या लावून झोपायचं नाही हं, दरवर्षी तिकडं माणसं दगावतात तशी. हे तुझ्या मैत्रिणींना पण सांग.

आता दिसायचं. लांबीचा हिशोब असा ठेव की कोट सगळ्यात लांब, नाहीतर कुर्त्याचा घेर कोटाखालून लोंबतो आणि आपण घाईत निघाल्यासारखं वाटतं. कुर्ता लांबच घालायचा असेल तर कोट गुडघ्याखाली, नाहीतर सरळ कंबरेपर्यंतचा आखूड घे, अधलं मधलं नको. आतला कुर्ता आणि पँट एकाच रंगाची, राख रंग म्हण किंवा शेवाळी, म्हणजे वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ दिसते आणि कितीही थर असू देत, माणूस सडसडीत दिसतो. मग एकच गोष्ट उठून दिसू दे, डाळिंबी स्टोल घे गळ्याला, तुला तो रंग किती छान दिसतो. स्टोल गळ्यात नुसता लटकवू नकोस, एक वेढा मारून दोन्ही टोकं कोटाच्या आत छातीवर सोड, गळ्यातून शिरणारी हवा तिथंच बंद होते. अंबाडा घातलास तर मान उघडी पडते, ते पण लक्षात ठेव.

जानेवारीत तुझ्या त्या मैत्रिणीचं लग्न आहे ना, रात्री लॉनवर. साडीच नेस, लाजू नकोस, तिकडच्या मुलींना बघू दे आपली इरकल. ब्लाउजच्या जागी काळा बारीक विणीचा हायनेक स्वेटर घाल, पूर्ण बाह्यांचा, इनर त्याच्या आत. परकराच्या आत लोकरीची लेगिंग, आणि परकर नाडीचा नको, कंबरेला बसता घे म्हणजे निऱ्या जिथं खोचतेस तिथं जाडी वाढत नाही. निऱ्या पण एक कमी घाल. शाल दुहेरी घडी करून पदरासारखी डाव्या खांद्यावर पिन कर, उजवा हात मोकळा राहील जेवायला. लग्न संक्रांतीच्या जवळपास असेल तर काळी चंद्रकळाच पाठवते मी, संक्रांतीला आपण काळं नेसतो ते ऊब धरतं म्हणूनच, पण रात्री ऊन नसतं त्यामुळं आत लेगिंग पाहिजेच, तेवढं ऐक.

धुताना लोकरीला गरम पाणी दाखवू नकोस, गार पाण्यात रिठ्यानं, पिळायचं नाही, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. दोरीवर लटकवलंस तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील.

पार्सल सोमवारी निघेल. बंडी, दोन इनर, डाळिंबी स्टोल आणि कंदी पेढे. पेढे रूमवर सगळ्यांना दे. फक्त एक अडलंय, दिवाळीला आलीस तेव्हा तुझं मुंढ्याचं माप घ्यायचं राहिलं आणि तू तेव्हापेक्षा वाळलेली दिसतेस कॉलवर. मैत्रिणीला सांगून टेपनं खांद्यावरून काखेखालून गोल माप घे, आत इनर आणि शर्ट घालून, आणि आजच व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. बाकी बंडी झालीय, मुंढ्याची टीप तेवढी मारायची ठेवलीय.

तुझी,
आई
सातारा