मुक्ताला, पहिल्या झेड-स्कॅनआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीसाठी तू अतिवेगवान लेसर आणि नॉनलिनियर ऑप्टिक्स (प्रखर प्रकाशात पदार्थाचा प्रतिसादच बदलतो, त्याचा अभ्यास) निवडलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. या क्षेत्रातली पुढची सगळी वर्षं पहिल्या वर्षात लागलेल्या सवयींवर उभी राहतात, म्हणून तुझ्या पहिल्या झेड-स्कॅनआधी, म्हणजे हा प्रतिसाद मोजण्याच्या पहिल्या प्रयोगाआधी, हे लांबलचक पत्र. सांगायचं आहे ते एवढंच: डिटेक्टरवर दिसलेला सिग्नल सॅम्पलचाच आहे याची आधी खात्री कर, मग त्याला नाव दे. सॅम्पलचं सोंग घेणाऱ्या गोष्टी आपल्या विषयात फार आहेत. काच, हवा, सॉल्व्हंट, उष्णता, आणि खुद्द पल्ससुद्धा.

१९६१ साली पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून नेला आणि ३४७ नॅनोमीटरवर दुसरा हार्मोनिक, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश, मिळवला. फोटोग्राफिक प्लेटवर तो एवढासा ठिपका होता. छापताना तो डाग समजून पुसला गेला. शोधनिबंधात ठिपक्याकडे बोट दाखवणारा बाण आहे, ठिपका मात्र नाही. सिग्नल कोणता आणि डाग कोणता, हा प्रश्न आपल्या विषयाच्या जन्मापासूनच सोबत आहे.

आधी डोळ्यांचं. ८०० नॅनोमीटरचा बीम कार्डावर मंद लालसर दिसतो, म्हणून तो कमजोर वाटतो. तो कमजोर नसतो. त्या तरंगलांबीला आपला डोळाच जवळजवळ आंधळा असतो. डोळ्याचं भिंग मात्र तो नेमका रेटिनावर गोळा करतं. अंगठी, घड्याळ, बांगडी बाहेर काढून ठेव. मिरर बदलण्याआधी बीम अडव. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना टेबलाच्या पातळीवरून डोळे नेऊ नकोस. चष्मा ज्या तरंगलांबीसाठी आहे ती त्याच्यावर वाचूनच घाल: ८०० नॅनोमीटर अडवणारा चष्मा ४००चा हार्मोनिक अडवेलच असं नाही.

अलाइनमेंटबद्दल फार लिहीत नाही, ते हाताला आपोआप येतं. दोन मिरर, दोन आयरिस (लहानमोठं करता येणारं छिद्र). पहिल्या मिररने जवळचा आयरिस साधायचा, दुसऱ्याने लांबचा, आणि दोन्ही एकदम जुळेपर्यंत आळीपाळीने फिरवत राहायचं. तिसऱ्या मिररला हात लावायचा मोह झाला तर समज की चूक आधीच्या कुठल्या तरी टप्प्यावर आहे.

पल्सकडे मात्र जास्त लक्ष दे. १०० फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा, पल्स ८०० नॅनोमीटरवर असेल तर त्याला किमान ९.४ नॅनोमीटर रुंदीचा स्पेक्ट्रम लागतो. या आकारात वेळ आणि वारंवारता यांच्या रुंदींचा गुणाकार ०.४४१च्या खाली जाऊ शकत नाही. सेक-स्क्वेअर या दुसऱ्या नेहमीच्या पल्स-आकारासाठी ही मर्यादा ०.३१५ आहे. स्पेक्ट्रोमीटर ६ नॅनोमीटर दाखवतोय आणि पल्सची लांबी मोजणारा ऑटोकोरिलेटर ८० फेम्टोसेकंद सांगतोय, तर दोघांपैकी एक चुकतोय, कारण ६ नॅनोमीटरमध्ये सेक-स्क्वेअर पल्सही ११० फेम्टोसेकंदांच्या आसपासच थांबतो. बहुतेकदा डिले स्टेजच्या (मिरर सरकवून प्रकाशाला उशीर लावणाऱ्या पट्टीच्या) हिशोबात दोनाने गुणायचं राहून गेलेलं असतं. स्टेज १ मायक्रॉन सरकली की प्रकाशाची वाट २ मायक्रॉनने वाढते, म्हणजे ६.६७ फेम्टोसेकंद.

काचही पल्स ताणते. ८०० नॅनोमीटरवर बीके-७ काच दर मिलिमीटरला साधारण ४५ फेम्टोसेकंद-वर्ग अपस्करण (वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळा उशीर) घालते. १० मिलिमीटर काचेतून १०० फेम्टोसेकंदांचा पल्स गेला तर फरक एका फेम्टोसेकंदाहूनही कमी. त्याच काचेतून ३० फेम्टोसेकंदांचा पल्स ५१चा होऊन बाहेर पडतो. म्हणून पल्स लेसरच्या तोंडाशी मोजून भागत नाही. सॅम्पलच्या जागी, त्याच लेन्सच्या आणि त्याच फिल्टरच्या पलीकडे मोज.

ऑटोकोरिलेटर विकतचा असला तरी एकदा स्वतः बांध. पल्सचे दोन भाग करून बीबीओ या हार्मोनिक काढणाऱ्या क्रिस्टलमध्ये छोट्या कोनात एकमेकांवर टाकायचे. ८००चा हार्मोनिक काढायला टाइप-वन (दोन्ही मूळ किरणांचं ध्रुवीकरण सारखं असलेला) कट २९.२ अंशांचा. क्रिस्टलमागे पांढरा कागद धर. दोन बाजूंना दोन फिकट जांभळट-निळे ठिपके दिसतील, हे प्रत्येक बीमचे स्वतःचे हार्मोनिक. मधे अंधार. मायक्रोमीटर अगदी हळू फिरव. शून्य डिलेजवळ मधोमध तिसरा ठिपका उगवतो, उजळतो, आणि पल्स १०० फेम्टोसेकंदांचा असेल तर वीसेक मायक्रॉन पुढे गेलं की विझतो. कागदावर तो जरा जास्तच उजळ दिसतो, कारण ४०० नॅनोमीटरला कागद स्वतःच चमकतो. तेव्हा तीव्रता ठरवायची ती डायोडवरच. क्रिस्टल पातळ घे. बीबीओमध्ये ८०० आणि ४०० यांच्या वेगातला फरक दर मिलिमीटरला जवळपास २०० फेम्टोसेकंद पडतो. जाड क्रिस्टल भरपूर सिग्नल देतो, पण स्पेक्ट्रमच्या कडा खातो आणि पल्सची लांबी चुकीची सांगतो. आणखी एक लक्षात असू दे: ही आकृती नेहमी सममित येते. पल्सच्या पुढे शेपटी आहे की मागे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी फ्रॉगसारखी, डिलेबरोबर स्पेक्ट्रमही नोंदवणारी पद्धत लागते, आणि दुसऱ्या हार्मोनिकवरचा फ्रॉगही पुढे की मागे हे एकटा सांगू शकत नाही.

अँप्लिफायर (पल्सची ऊर्जा वाढवणारं यंत्र) हाती आला की सीडच्या, म्हणजे त्यात शिरणाऱ्या मूळ पल्सच्या, स्पेक्ट्रमवर रोज नजर ठेव. सीडची बँडविड्थ घसरली तर वाढवण्याआधी पल्स लांबवणारा स्ट्रेचर त्याला पुरेसा ताणू शकत नाही, आणि आखूड राहिलेला पल्स वाढता वाढता आतले मिरर जाळतो. बाहेर आल्यावरही जपावं लागतं. १ मिलिज्यूल आणि १०० फेम्टोसेकंद म्हणजे जवळपास १० गिगावॅटची शिखर-शक्ती, आणि ८०० नॅनोमीटरवर हवेत आपोआप फोकस होण्याची मर्यादा ३ गिगावॅटच्या घरात आहे. लांब पल्ल्यावर हवा स्वतःच लेन्स बनते. बीम मोठा ठेव आणि ऊर्जा गरजेपुरतीच घे.

आता झेड-स्कॅन. तुझं पहिलं मोजमाप बहुधा तेच असेल. १९८९ साली शेख-बहाई, सईद आणि व्हॅन स्ट्रायलंड यांनी दिलेली ही पद्धत इतकी साधी आहे की चुकीचं उत्तरही तितक्याच सहज मिळतं. सॅम्पल फोकसमधून सरकवायचं आणि दूरच्या अपर्चरमधून किती प्रकाश येतो ते बघायचं. आधी दरी, मग शिखर असेल तर अपवर्तनाचा नॉनलिनियर (तीव्रतेबरोबर बदलणारा) भाग धन. उलट असेल तर ऋण.

नवीन पदार्थाला हात लावण्याआधी १ मिलिमीटरची फ्यूज्ड सिलिका लाव. ८०० नॅनोमीटर, १०० फेम्टोसेकंद, १०० नॅनोज्यूल, फोकसमध्ये ३० मायक्रॉन त्रिज्या आणि ४० टक्के प्रकाश सोडणारं अपर्चर, एवढ्यावर दरीपासून शिखरापर्यंत साडेतीन टक्क्यांच्या आसपास फरक आणि दोघांमध्ये साधारण ६ मिलिमीटर अंतर यायला हवं. हे अंतर रेले-लांबीच्या (फोकसपासून बीमचं क्षेत्रफळ दुप्पट होईपर्यंतच्या अंतराच्या) १.७ पट असतं. ते ६ऐवजी ९ आलं तर फिटिंगशी झटापट करू नकोस. तुझी त्रिज्या ३० नाही, ३७ आहे. तीव्रतेत त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून त्रिज्येतली १० टक्के चूक उत्तरात २० टक्के होऊन बसते.

द्रव मोजताना क्युव्हेटच्या (द्रव ठेवायच्या काचेच्या डबीच्या) दोन भिंतीसुद्धा बीममध्ये असतात, आणि त्यांची मिळून जाडी सॅम्पलपेक्षा जास्त असू शकते. रिकामी क्युव्हेट, नुसतं सॉल्व्हंट आणि मग द्रावण, असे तिन्ही स्कॅन एकाच दिवशी, एकाच ऊर्जेला घे. वर कमी ऊर्जेवरचा एक स्कॅन घेऊन तो वजा कर, म्हणजे काचेवरच्या ओरखड्याचा उंचवटा निघून जाईल.

सगळ्यात जास्त फसवते ती उष्णता. ३० मायक्रॉनच्या ठिपक्यातली उष्णता पाण्यात विरायला दीड मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ऑसिलेटर, म्हणजे अँप्लिफायरआधीचा मूळ लेसर, ८० मेगाहर्ट्झचा असेल तर दर १२.५ नॅनोसेकंदांनी पुढचा पल्स येतो. म्हणजे आधीची उष्णता जायच्या आत लाखाहून जास्त पल्स तिच्यावर रचले जातात. द्रव तापला की सहसा अपवर्तनांक घटतो आणि शिखर-दरीचा अगदी देखणा, भला मोठा, ऋण आलेख मिळतो. तो इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद नसतो, गरम पाण्याची लेन्स असते. १ किलोहर्ट्झवर धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही, कारण १ मिलिसेकंदाचं अंतरही त्या दीड मिलिसेकंदाच्या आतच आहे. म्हणून पल्सची ऊर्जा तीच ठेवून रिपिटेशन रेट (दर सेकंदाचे पल्स) १०० हर्ट्झवर, ५०वर आण. आलेख बदलला तर उष्णता. नाही बदलला तरच पुढचं फिटिंग.

कार्बन डायसल्फाइड संदर्भ म्हणून वापरशील तर आणखी एक खबरदारी घे. त्याचे रेणू प्रकाशाच्या क्षेत्राकडे वळतात आणि त्या वळण्याला पिकोसेकंद लागतात, त्यामुळे पल्स लांबला की त्याचं मूल्य वाढत जातं. पिकोसेकंदात मोजलेला आकडा फेम्टोसेकंदाच्या प्रयोगाला लावू नकोस.

करिअरबद्दल तू विचारलं होतंस. उपकरण बांधण्यात आणि मापन तपासण्यात गेलेली वर्षं वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. चर्प्ड पल्स अँप्लिफिकेशनचा (पल्स ताणून, वाढवून, पुन्हा आखूड करण्याच्या पद्धतीचा) १९८५चा निबंध हा डोना स्ट्रिकलंड यांचा विद्यार्थिदशेतला पहिलाच निबंध होता, जेरार मूरू त्यांचे मार्गदर्शक. २०१८चं नोबेल दोघांना त्याच पद्धतीसाठी मिळालं. अ‍ॅन लुइलिए यांच्या गटाला उदात्त वायूंमधले उच्च हार्मोनिक १९८७ साली दिसले, पण त्यांतून निघणारे अ‍ॅटोसेकंद (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) लांबीचे पल्स मोजून दाखवायला २००१ उजाडलं. मधली चौदा वर्षं मुख्यतः मापनाची होती, असं मी मानते.

पुढची जागा निवडताना, पहिल्या लॅबमध्ये जे नव्हतं ते शिकायला जा. आता अनेक ठिकाणी टायटेनियम-सफायरऐवजी १०३० नॅनोमीटरचे इटर्बियम लेसर येत आहेत: रिपिटेशन रेट शेकडो किलोहर्ट्झ, पल्स दोन-तीनशे फेम्टोसेकंदांचे, मग वायू भरलेल्या पोकळ फायबरमधून रुंद करून आखूड केलेले. ते शिकून घे. १०० किलोहर्ट्झवर दोन पल्समध्ये १० मायक्रोसेकंदच असतात, तेव्हा वरचा उष्णतेचा सगळा हिशोब तिथे नव्याने मांडावा लागेल.

लॉगबुकात तरंगलांबी, सॅम्पलजवळची पल्सलांबी, रिपिटेशन रेट, ऊर्जा, त्रिज्या आणि ती कशी मोजली, जाडी आणि अपर्चर हे सगळं त्या-त्या दिवशीच लिही. निबंधातही यातलं एकही गाळू नकोस.

सिलिकाचा पहिला स्कॅन झाला की कच्चा डेटा पाठव, फिट नको. रिकाम्या क्युव्हेटचा आलेखही सोबत असू दे.

तुझी,
आई