यावेळी जॅक निर्दोष निघाला

प्रिय मित्रा,

सहा महिने पत्र नाही, फोनही नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा आहे. पत्राचं कारण गाडी. घरात सांगून उपयोग नाही, त्यांना तो आवाज ऐकूच येत नाही.

खालून, पुढच्या डाव्या बाजूने. टक्-टक्. खराब रस्त्यावर, वेग 20 च्या आसपास असताना. गुळगुळीत रस्त्यावर गप्प. आधी डिकी रिकामी केली, हसू नकोस. गिअरबॉक्स गेला म्हणून मी रात्रभर जागलो आणि सकाळी तू डिकीतला सुटा जॅक माझ्या हातात ठेवलास, हे तू अजून चारचौघांत सांगतोस ते कळतं मला. यावेळी जॅक निर्दोष निघाला.

मग तुझ्या पद्धतीने एकेक नाव खोडलं. एक्सलचा जॉइंट असता तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कटकटला असता. रिकाम्या मैदानात दोन्हीकडून गोल फिरलो, काही नाही. बेअरिंग असतं तर वेगाबरोबर घूंऽऽ वाढलं असतं, उजवीकडे वळताना डाव्या चाकावर भार येऊन आणखीच. (याच बेअरिंगवरून आपण अकरा दिवस अबोला धरला होता. तू म्हणालास टायर, मी म्हणालो बेअरिंग. टायरच होता. घे, लेखी दिलं.) सायलेन्सरवरचा पत्रा सैल असता तर उभ्या गाडीतही थरथरला असता.

गॅरेजवाल्याने स्टॅबिलायझरच्या लिंक बदलल्या. पैसे गेले, टकटक राहिली. पुन्हा नेली तर म्हणाला, "साहेब, गाडी आहे, वाजणारच." रागापेक्षा भीती वाटली. बॉल जॉइंट असला तर? तो निखळला की चाकच आडवं होतं. दोन रात्री चाक उचलून (स्टँड लावून, नुसत्या जॅकवर नाही, ओरडू नकोस) वरखाली धरून हलवत बसलो. तसूभर हललं नाही.

आणि काल त्याच खड्ड्यांवर समोर कुत्रं आलं. मी ब्रेकवर नुसता पाय टेकवला आणि टकटक बंद. काढला, सुरू. टेकवला, बंद. चार फेऱ्या मारल्या रे, एकटाच हसत. घरी येऊन चाक काढलं तर ब्रेकचं पॅड धरून ठेवणारी पातळ स्प्रिंगची पट्टी जागेवर नाहीच! दोन महिन्यांपूर्वी पॅड बदलले तेव्हा बसवायचीच राहिली होती. पॅड खाचेत मोकळं नाचत होतं, ब्रेक लागला की दाबलं जाऊन गप्प. बोटाने हलवून पाहिलं. तोच आवाज.

घरात सांगितलं. "बरं," एवढंच.

तुझी बदली झाली की रद्द? वहिनींना नमस्कार. धाकटीच्या निकालाचं कळव.

पट्टी आजच बसवली. पण आता मागून बारीक किर्र येतंय असं वाटतं. ये एकदा. मागच्या सीटवर बस, आणि जन्मात एकदा तरी न बोलता नुसतं ऐक.

तुझाच