लेप टिकतो तो फवाऱ्याआधीच्या तयारीवर

संपादक महोदय,

झिजलेला शाफ्ट (यंत्रातला फिरता दांडा) भंगारात न टाकता त्याच्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा लेप फवारून तो पुन्हा मापात आणण्याची पद्धत, म्हणजेच थर्मल स्प्रे, कारखान्यांत चांगलीच रुळली आहे. मात्र हे काम बाहेर देताना जाडी, कडकपणा आणि दर एवढेच पाहिले जाते, आणि लेपाचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते त्या पूर्वतयारीचा ऑर्डरमध्ये उल्लेखही नसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या पद्धतीत भुकटी किंवा तार तापवून, वितळवून वेगाने जॉबवर, म्हणजे दुरुस्त करायच्या भागावर, मारली जाते. कण आदळताच चपटे होतात आणि पृष्ठभागाच्या खाचाखोचांत रुतून बसतात. वेल्डिंगप्रमाणे मूळ धातू वितळत नसल्यामुळे जॉबचे तापमान साधारण १५० अंश सेल्सियसच्या आत ठेवता येते, आणि लांब शाफ्टही वाकत नाही. हा फार मोठा फायदा आहे; पण पकड मुख्यतः खाचांचीच असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत किंवा तेलकट राहिला, तर महागातली महाग भुकटीही वाया जाते.

आमच्याकडे पंपाच्या एका स्लीव्हवरील (शाफ्टवर बसणाऱ्या नळीवरील) लेप थोड्याच आठवड्यांत सुटला. निघालेली खपली उलटी करून पाहिली, तर आतल्या बाजूस लेथच्या टूलच्या बारीक रेषा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे टोकदार कण जोराने मारून पृष्ठभाग खरबरीत करणे, झालेच नव्हते. सोबतच्या दाखल्यातील कडकपणाचा आकडा मात्र बरोबर होता, आणि हीच गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते, कारण त्या आकड्यावरून पकड कळत नाही.

झीज कशामुळे होते, हेही ऑर्डरमध्ये लिहायला हवे. वाळूमिश्रित पाण्याच्या घर्षणाला एचव्हीओएफ पद्धतीने (ऑक्सिजन आणि इंधन जाळून अतिवेगाने फवारून) दिलेला टंगस्टन कार्बाइडचा लेप उत्तम तोंड देतो, परंतु सुमारे ५०० अंशांच्या वर तो ऑक्सिडीकरणाने खराब होऊ लागतो. तिथे क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोमचे मिश्रण घ्यावे. जिथे जोराचे घाव बसतात, तिथे इतका पातळ, ठिसूळ लेप तडकतो आणि वेल्डिंगने चढवलेला कडक थरच बरा ठरतो. (हार्ड क्रोम प्लेटिंगमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने क्रोमियमचा कडक थर चढवण्यात, वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; म्हणून त्या प्लेटिंगला थर्मल स्प्रेचा मिळालेला पर्याय कामगारांच्या दृष्टीने मला विशेष मोलाचा वाटतो.)

कोटिंग करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, जॉबसोबत त्याच धातूचा एक नमुना तुकडाही ब्लास्ट करून फवारावा आणि पकड व सच्छिद्रता त्यावर तपासून द्यावी. ग्राहकांनीही ब्लास्टिंगनंतरचा पृष्ठभाग स्वतः पाहण्याचा आग्रह धरावा, आणि तोही लगेच, कारण तो उघडा राहिल्यास काही तासांतच त्यावर ओलावा आणि गंज धरू लागतो.

आपला,
देखभाल विभागातील एक अभियंता