पालक बंद करू नकोस

चि. सई हिस,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर मी जे ओरडून सांगितले, ते कृपा करून ऐकू नकोस. पालक बंद करू नकोस. हे वाक्य मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे यावर तुझ्या आईचा अजून विश्वास बसलेला नाही. ती दोनदा येऊन खांद्यावरून वाचून गेली. तू फोन ठेवल्यानंतर मी तुला हाच एका ओळीचा निरोप पाठवला होता आणि तुझे उत्तर आले, ‘बरं’. त्या ‘बरं’चा अर्थ काय घ्यायचा हे मला रात्रभर कळले नाही, म्हणून हे पत्र. दादा उद्या सकाळी निघतो आहे, त्याच्या हाती ते देतो, म्हणजे गुरुवारच्या आत ते तुला मिळेल. गुरुवारविषयी मी या पत्रात काही लिहायचे नाही असे ठरवले आहे.

आधी कामाचे लिहितो. गेल्या तपासणीत तुझा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठते ते दाखवणारा आकडा, 1.7 आला. तुझ्या हृदयात आहे तसल्या कृत्रिम मायट्रल झडपेला तो 2.5 ते 3.5 या दरम्यान लागतो, हे मी तुला सांगायला नको. सोळाव्या वर्षापासून तू ते माझ्यापेक्षा चांगले जाणतेस. नव्या जागी गेल्यापासून महिनाभर रोज पालक खाते आहेस, हे तू तुझ्या नव्या डॉक्टरांना स्वतः होऊन सांगितलेस. त्यांनी पालक थांबवला नाही. रक्त लवकर गोठू न देणारे तुझे वॉरफरिन आठवड्याला 35 मिलिग्रॅम होते त्याचे 40 केले, म्हणजे दोन दिवस अर्धी गोळी जास्त. पालकातले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते, आणि हा सगळा हिशेब पालक धरून केलेला आहे. आता माझ्या आरड्याओरड्याने तू पालक एकदम सोडलास आणि गोळी मात्र वाढलेलीच राहिली, तर आकडा जो वर जायला लागेल तो 3.5 वर थांबेलच असे नाही. काल तुला ‘आजच्या आज बंद कर’ असे म्हणताना मी तुला कुठे ढकलत होतो, हे मला मध्यरात्रीनंतर तुझ्या आयएनआरची वही उघडल्यावर समजले. तोवर मी स्वतःला शहाणा समजत होतो.

तू म्हणालीस, ‘बाबा, चार वर्षं तुम्ही माझ्या ताटातली प्रत्येक हिरवी गोष्ट उचलून घेतलीत.’ खरे आहे. शाळेच्या शेवटच्या सहलीच्या आदल्या दिवशी तुझ्या मैत्रिणींच्या देखत मी तुझ्या सँडविचमधले लेट्यूसचे पान दोन बोटांनी ओढून काढले होते आणि त्याबरोबर टोमॅटोची चकतीही बाहेर येऊन तुझ्या मांडीवर पडली होती. तू काही बोलली नाहीस, रुमालाने डाग पुसत राहिलीस. ते फिकट, पाणीदार जातीचे लेट्यूस होते. आज तक्ता पाहिला तर त्याच्या वाटीभर तुकड्यांत के जीवनसत्त्व निघते साधारण 15 मायक्रोग्रॅम. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे 90 लागते. म्हणजे त्या एका पानात काहीच नव्हते.

मी इतकी वर्षे के जीवनसत्त्वाला गोळीचा वैरी समजत होतो आणि वैऱ्याला घरात घ्यायचे नाही, एवढे साधे माझे गणित होते. प्रत्यक्षात यकृत रक्त गोठवणारे जे घटक तयार करते, त्यांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या चौघांना कामाचे करण्यासाठी के लागते. एकदा वापरलेले के शरीर टाकून देत नाही, पुन्हा ताजे करून वापरते, आणि वॉरफरिन अडवते ते हे ताजे करण्याचे काम. त्यामुळे किती गोळी लागेल हे ताटात रोज किती के येते त्यावर ठरते. रोज बऱ्यापैकी येत असेल तर गोळी थोडी जास्त लागते, कमी येत असेल तर कमी लागते, दोन्ही चालते. चालत नाही ते आज भरपूर आणि उद्या काहीच नाही असे खाणे. आणि मी तुला ज्या काठावर ठेवले होते, तिथे तर साठा इतका थोडा असतो की एखाद्या दिवशी बाहेर जेवलीस तरी आकडा हलायचा. वहीत तसे पाच वेळा झालेले दिसते आहे. प्रत्येक वेळी समासात मी तांबड्या शाईने ‘बाहेरचे खाणे’ असे लिहून तुला दोषी ठरवले आहे.

मी घाबरलो होतो, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्या रात्री तुझ्या उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर हिरड्यांतले रक्त दिसले, ती रात्र तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. आयएनआर 6.8 होता. डॉक्टरांनी गोळी थांबवली, पण आकडा एकदम खाली आणायला ते तयार नव्हते, कारण घाईघाईने उतरवला तर झडपेवर गुठळी बसण्याची भीती. ते दोन दिवस मी जिन्याच्या पायरीवर बसून काढले आणि आत्याने आणलेला डबा तसाच परत गेला. घरी आल्यावर मी स्वयंपाकघर धुऊन काढावे तसे हिरव्या भाज्यांपासून धुऊन काढले. वास्तविक के वाढले की आयएनआर उतरतो. चढलेल्या आयएनआरचा दोष भाजीला देणे हे सरळ उलटे होते, आणि हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते कळू नये याची आज लाज वाटते. त्या आठवड्यात तुला ताप होता, जुलाब होते, तू चार दिवस जवळजवळ काही खाल्ले नव्हतेस आणि वर प्रतिजैविक चालू होते. त्यातले प्रत्येक कारण आकडा चढवणारे आहे. मला मात्र समोर हिरव्या पानांखेरीज पकडायला दुसरे काही सापडले नाही.

म्हणून आता जे लिहितो ते उपदेश म्हणून घेऊ नकोस. पालक रोज एक वाटी खातेस म्हणालीस, पण ती वाटी कच्च्या पानांची की शिजवलेल्या? वाटीभर कच्च्या पानांत सुमारे 145 मायक्रोग्रॅम के असते. शिजवल्यावर पाने आकसतात आणि अर्ध्या वाटीतच ते 400 च्या पुढे जाते. शिजवल्याने के नष्ट होत नाही, फक्त दाटीवाटीने बसते. त्यामुळे ‘एक वाटी’ हे माप डॉक्टरांना नीट उलगडून सांग. ज्या दिवशी पालक मिळणार नाही त्या दिवशी ब्रोकोली चालेल, शिजवलेल्या अर्ध्या वाटीत साधारण 110 असते. दिवसागणिक तंतोतंत जुळवण्याची गरज नाही, आठवड्याचा अंदाज सारखा राहिला म्हणजे पुरे. सोयाबीनच्या तेलातही थोडे के असते, तर ज्या खोलीत तुम्ही तिघी मिळून स्वयंपाक करता तिथे तेल बदलले तर तेही लक्षात असू दे. केसांसाठी किंवा ताकदीसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टनावर के लिहिलेले आहे का ते बघ. डोके दुखले तर आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नकोस. कोणतेही प्रतिजैविक सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर आणि तपासणी लवकर करून घे. रात्रीची गोळी विसरलीस आणि त्याच रात्री आठवले तर घे. दुसऱ्या दिवशी आठवले तर तेवढी सोडून दे, पण दोन एकदम घेऊ नकोस. डोक्याला मार लागला, शौचाला काळे झाले, लघवी लालसर दिसली, तर कुणालाही विचारत बसू नकोस, मलाही नाही, सरळ रुग्णालयात जा.

झाले, पुन्हा व्याख्यान झाले. माफ कर. यातले अर्ध्याहून अधिक तूच मला कधी ना कधी शिकवलेले आहेस. औषधाचा इतिहास शोधून काढून जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवणारी तू होतीस. 1920 च्या दशकात सडलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत होती, त्या गवतातून निघालेल्या द्रव्यावर काम करता करता विस्कॉन्सिनमध्ये वॉरफरिन तयार झाले आणि 1948 साली ते प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, हे तू इतक्या आनंदाने वाचलेस की दादाला ठसका लागला. ‘मी रोज रात्री साडेआठ वाजता उंदराचे औषध घेते,’ असे तू पाहुण्यांना सांगायचीस. सगळे हसायचे. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचो.

तुझा दुसराही प्रश्न मी काल उडवून लावला, तो असा की आत्या सगळ्या भाज्या खाते, तिला आयएनआर करावा लागत नाही, मग तिचीच गोळी मला का नाही. प्रश्न अगदी योग्य होता. आत्याची गोळी ॲपिक्साबॅन आहे. ती के जीवनसत्त्वाच्या वाटेला जात नाही, दहाव्या घटकालाच थेट अडवते, त्यामुळे तिला ताटाकडे बघावे लागत नाही. परंतु आत्याच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, तिच्या हृदयात कृत्रिम झडप नाही. कृत्रिम झडप असलेल्या रुग्णांना त्या नव्या जातीचे एक औषध, डॅबिगाट्रान, देऊन पाहिले होते. त्या चाचणीत वॉरफरिनपेक्षा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, आणि ती मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. पुढे आत्याच्याच ॲपिक्साबॅनची चाचणी महाधमनीच्या एका प्रकारच्या कृत्रिम झडपेसाठी झाली, तीही 2022 मध्ये थांबवली गेली. ‘आत्याशी बरोबरी करू नकोस’ असे मी म्हणालो ते आवाज चढवून म्हणालो. कारण सांगितले असते तर तू एका मिनिटात समजून घेतले असतेस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुझ्या झडपेची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते हे तुला माहीत आहेच, त्यावरून तू शाळेत किती गमती केल्यास! शस्त्रक्रियेनंतर बरेच महिने मी रात्री पाणी प्यायला उठलो की तुझ्या दारात उभा राहायचो. आधी पंख्याचा आवाज, मग तुझा श्वास आणि मग त्याखाली ती बारीक, स्वच्छ, धातूची टिकटिक ऐकू यायची. तो आवाज दबका झाला तर लगेच यायचे, असे आम्हाला रुग्णालयातून निघताना सांगितले होते. पुढे पुढे मला त्याची इतकी सवय झाली की तो ऐकल्याशिवाय डोळा लागेनासा झाला. तू गेल्यापासून त्या खोलीत फक्त पंखा आहे. 1.7 हा आकडा मी काल ऐकला तेव्हा मला पालक दिसला नाही, ती टिकटिक दबताना ऐकू आली. ओरडलो तो पालकावर.

आणि तरीही मला सांगितलेच पाहिजे की या सगळ्या प्रकरणात चुकीचे असे तू काहीच केलेले नाहीस. तू जे खात होतीस ते लपवले नाहीस, डॉक्टरांना आकड्यासकट सांगितलेस, मात्रा बदलून घेतलीस, पुढची तारीख घेतलीस. एकोणिसाव्या वर्षी मला स्वतःच्या चष्म्याचा नंबर सांगता येत नव्हता. तुझ्या आईने हे कालच माझ्या तोंडावर सांगितले आणि मी ते मान्य केले नाही. आज लेखी मान्य करतो, तिला वाचून दाखवायला हरकत नाही.

वाढवलेल्या गोळीचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात आणि तो पूर्ण दिसायला आठवडा लागतो, म्हणून त्यांनी गुरुवार दिला असावा. तो दिवस अचूक निवडलेला आहे. बुधवारी नको आणि शनिवारवरही ढकलू नकोस. मी त्याविषयी लिहिणार नव्हतो.

सोबत वही पाठवतो आहे. तुझी आहे, तुझ्याकडेच असायला हवी होती. तारीख, मात्रा, आयएनआर आणि चौथा रकाना ‘हिरव्या भाज्या’, ज्यावर मी चार वर्षांपूर्वी पट्टी धरून उभी रेघ मारली होती आणि खाली प्रत्येक पानावर ती मारत आलो. आज रात्री बसून मी पुढची दहा पाने नव्याने आखली, चौथ्या रकान्यावर रेघ नाही. पहिल्या ओळीत तारीख तेवढी घातली आहे, बाकी जागा कोरी आहे. वहीऐवजी फोनमध्ये लिहिणे तुला सोपे पडत असेल तर तसे कर, मी वाईट वाटून घेणार नाही.

फोन तुला वाटेल तेव्हा कर. आकडा मला सांगितलाच पाहिजेस असे नाही, आईला सांगितलास तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही. गुरुवारी नीट खाऊन जा.